परसातली पंचमी

कवाडाच्या फटीला डोळा लावून कौशल्याबाई उभ्या होत्या. बाहेर परसात सून वाकलेली होती. नीट दिसत नव्हतं, पण लुगड्याचा हिरवा रंग इकडून तिकडे सरकत होता, थांबत होता, खाली बसत होता आणि थोड्या थोड्या वेळानं काहीतरी मुळासकट उपटल्याचा आवाज येत होता. मग तो हिरवा रंग काटेरी कुंपणाशी जाई, हात वर होई आणि उपटलेलं ते पलीकडे पडे.

कौशल्याबाईंनी धाडकन कवाड उघडलं. "काय करून राह्यली वं भामे?"

भामा दचकली. "काही नाही आत्याबाई. गवत माजलंय, तेच काढायलेय."

"या परसातलं गवत मी काढतो. वीस वर्सं झाले. तुले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. म्हटलं, पंचमीला बाया यायच्यात, जरा साफ दिसावं."

"गवत माजलं म्हने," कौशल्याबाई पुटपुटल्या. "चूल पाह्य जाय. तुयं काम थे हाय."

भामा पदराला हात पुसत शेजारून आत गेली. ती गेली तसा एक उग्र, हिरवा वास मागे राहिला. कौशल्याबाईंनी नाक वर करून तो ओढून घेतला. ओळखीचा होता, पण सुनेनं चुलीत गोवऱ्या सरकवल्या, धूर आला आणि वास हातचा गेला.

मोताळ्यात कौशल्याबाईंच्या परसाला एक मान होता. तसं पाहिलं तर त्या परसात होतं काय? एक शेवगा, भोपळ्याचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला अळू आणि बाकी सगळं आपोआप उगवलेलं. नवरा गेला तेव्हा इंद्रभान पाळण्यातून नुकता उतरला होता. त्या आपोआप उगवलेल्यावरच बाईनं घर उभं ठेवलं. तांदुळजा, कुंजीर, घोळ, केना, पाथरी, तरोट्याचे कोवळे शेंडे. लोक ज्याला गवत म्हणून बैलापुढे टाकत ते ही बाई निवडून, धुऊन, जुड्या बांधून बाजारात गोणपाटावर मांडून बसे. पहिल्या वर्षी लोक हसले. मग खाऊन पाहिलं. मग बाजाराच्या दिवशी सकाळीच विचारत येऊ लागले, "कौशल्याबाई बसली का?"

आणि ऋषिपंचमीला तर त्यांच्याशिवाय गल्लीचं पान हलत नसे. पंचमीला बाईनं बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. भाकर नाही, भात नाही, घाण्याचं तेल नाही. नांगर न लागता जे उगवलं तेच पानात यायचं. ते कौशल्याबाईंच्या परसात उगवे, त्या ते खुडत, आणि गल्लीतल्या उपासाच्या बाया त्यांच्या ओसरीवर जेवत. त्यात त्यांच्या सासूपासूनची एक रीत होती. रानटी पाल्यात कधी काय येईल याचा नेम नाही, म्हणून जिनं भाजी खुडली तिनं पहिला घास खायचा. तो घास गिळला गेला की मग बाकीच्यांचे हात हलायचे. वीस वर्षं तो पहिला घास कौशल्याबाईंचा होता. सरपंचाच्या घरची बाई पानापुढे हात जोडून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसे. विधवा बाईच्या वाट्याला दुसरा कुठला मान आला असता?

यंदाची पंचमी मात्र त्यांना साधी वाटत नव्हती. आषाढापासून त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती.

इंद्रभान नांदुऱ्याला अडतीवर मापाडी होता. आठवडाभर तिकडेच राही, रविवारी मोटारीनं घरी येई. आषाढातल्या एका रविवारी तांदुळज्याची भाजी झाली होती. कौशल्याबाईंची चतुर्थी होती, त्या जेवणार नव्हत्या. इंद्रभान जेवला, हात धुतला, आणि घटकाभरात त्याची जीभ टाळ्याला चिकटली. तोंड लालबुंद झालं. डोळ्यातलं काळं बुबुळभर पसरलं म्हणे. मग तो हवेतून काहीतरी वेचू लागला, भिंतीशी बोलू लागला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि म्हणाले, "पोटात धोत्रा गेलाय." रात्र काढली, दुसऱ्या दिवशी उतरलं. पोरगा वाचला.

पण धोत्रा गेला कसा? कौशल्याबाईंनी हा प्रश्न उलटून पालटून पाहिला होता. भाजी खुडली होती त्यांनी स्वतः. त्यांच्या हातून धोत्रा जाईल? गावाला हसू आलं असतं. खुडल्यानंतर भाजी चुलीवर चढवली भामानं. आणि भामा त्या दिवशी जेवलीच नव्हती! नवऱ्याचं झाल्यावर बसणार होती, तेवढ्यात हे झालं, असं तिचं म्हणणं. त्याहून वाईट म्हणजे दवाखान्यात जायच्या गडबडीतही तिनं उरलेली भाजी उकिरड्यावर नेऊन पालथी केली होती आणि वर राख लोटली होती. कौशल्याबाईंनी ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. साधं माणूस असं करतं?

मुळात ही सोयरीकच त्यांच्या मनाविरुद्ध झालेली. मुलगी बीबी गावची, पार लोणाराकडची. बोलणं निराळं, पालेभाज्यांची नावं निराळी. आणि फार कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं हे कुणी सांगावं?

शेजारची सरस्वतीबाई विरजण मागायला आली तेव्हा कौशल्याबाईंनी तिला ओसरीच्या कोपऱ्यात ओढलं.

"सरस्वती, तुले एक दाखवाचं हाय. पन कोनाले बोलू नोको."

कुंपणाच्या मागच्या बोळीतून दोघी गेल्या. कौशल्याबाईंनी खाली बसून हात फिरवला. उपटलेली रोपं ढिगानं पडली होती. काही वाळलेली, काही आजचीच. त्यांनी एक मूठ चुरगाळली आणि नाकाशी नेली. सकाळचा तोच वास.

"पाह्य बरं काय हाय हे."

सरस्वतीबाईनं एकच नजर टाकली. "अवं माय! धोत्रा होय हा. सारा धोत्राच हाय. काट्याचे बोंडं बी हायेत."

"माह्या परसात रोज सकायी हेच करून राह्यली ते. मी उठाच्या पह्यले. अन इथं सुकवाले वायू घालते."

"वायू कायले घालन वं?"

"कायले घालन? आषाढात कायले लागला होता?"

सरस्वतीबाईनं तोंडावर पदर धरला. तिच्या पोटात ही गोष्ट राहणार नाही हे कौशल्याबाईंना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ती राहू नये असंच त्यांना वाटत होतं.

"पंचमीले पाहू," कौशल्याबाई म्हणाल्या. "यंदा पह्यला घास तिलेच घ्याले लावतो. साऱ्या बायाईच्या समोर. खाल्ला तं ठीक, नाई खाल्ला तं समजलं."

त्या दिवसापासून त्या सुनेच्या हातचं खाईनाशा झाल्या. दुपारी स्वतः उठून भाकर थापायच्या, शेंगदाण्यासोबत खायच्या. तव्यावर हात भाजला तरी चालेल. डोळ्यांपुढे हल्ली सारखं काहीतरी पडदा धरल्यासारखं असे. चुलीचा धूर, दुसरं काय. माणूस उंबऱ्यात येऊन बोलेपर्यंत कोण ते कळत नसे. पण आवाज ऐकला की कळायचंच, मग अडचण काय होती? सुईत दोरा ओवता येत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विकत घेणाऱ्या बायांना आंधळीच्या हातची रानभाजी चालली असती का?

"आत्याबाई, माझ्या हातचं काहून खाईना झालात?" भामानं तिसऱ्या दिवशी विचारलं.

"पोट बरं नाई."

भामा जवळ आली. मग खाली बसली, तिनं स्वतः केलेल्या, सासूपुढे ठेवलेल्या भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तिच्यासमोर चावून खाल्ला आणि उठून गेली. कौशल्याबाईंना ते झोंबलं. म्हणजे हिला सगळं कळतंय! ज्याच्या मनात काही नसतं त्याला इतकं कुठं कळतं?

रविवारी इंद्रभान आला. भामा पाण्याला गेल्यावर त्या त्याच्याजवळ सरकल्या.

"बायकोले माहेरी धाडून दे बाप्पा."

"काऊन?"

"मी म्हनतो म्हनून."

"माय, काही झालं का तुमचं?"

"तू मरता मरता वाचला, अजून काय व्हाचं राह्यलं?"

इंद्रभान गप्प झाला. तो गप्प झाला यातच कौशल्याबाईंना कळलं की ही शंका त्याच्याही मनाला शिवून गेलेली आहे. शेवटी तो म्हणाला, "पंचमी होऊ दे. मंग बीबीले नेऊन घालतो." घागरीचं पाणी दारात सांडल्याचा आवाज आला. भामा कधी परतली होती कोण जाणे.

पंचमीच्या सकाळी उपासाच्या बाया आंघोळी करून, आघाड्याच्या काड्यांनी दात घासून, ओसरीवर पूजेला बसल्या. कौशल्याबाई ओचा खोचून परसात उतरल्या. हे त्यांचं राज्य. इथं डोळ्यांची गरजच नव्हती. गुळगुळीत देठ आला की तांदुळजा, पानाचा तळ देठाला गुंडाळलेला लागला की केना, मांसल लागली की घोळ. शंका आली की चुरगाळायचं आणि नाकाशी न्यायचं. दरवर्षी या फेरीत धोत्र्याची, रुईची, कशाकशाची रोपं हाताशी लागत आणि त्या ती टाकून देत. मागून येणाऱ्या बाया म्हणत, "बाप्पा, आपल्याले तं सारं सारखंच दिसते."

ओचा भरत आला. हात चालत होता, पण मनात काहीतरी टोचत होतं. कुठे चुकतंय ते लवकर कळेना. मग कळलं. आज टाकायला काही लागलंच नव्हतं. शेवग्याखाली नाही, वेलाजवळ नाही. भाद्रपदातलं परस आणि हाताला लागेल ते सगळं खाण्याजोगं? हे कधी झालं होतं?

त्या न्हाणीच्या कोपऱ्याकडे गेल्या. तिथे धोत्रा दरवर्षी असायचाच, कंबरेएवढा. हात फिरवला. पालेभाजीच लागली, आणि तिच्या मधेमधे बोटं मातीत रुतली. मोठी रोपं मुळासकट काढल्यावर राहतात तशा भुसभुशीत खळग्या होत्या, वरून नीट दाबलेल्या. एक, दुसरी, कुंपणापर्यंत.

कौशल्याबाई तिथेच बसल्या. ज्याला विष साठवायचं आहे तो ते बोळीत, गाईगुरांच्या पायाखाली टाकील का? इतकी साधी गोष्ट होती. पोरगी धोत्रा गोळा करत नव्हती, तो परसातून काढून टाकत होती. सासूचा हात कुठेही पडला तरी त्यात वाईट काही येऊ नये म्हणून. म्हणजे तिला ठाऊक होतं की सासूला दिसत नाही. जे त्यांनी स्वतःशीसुद्धा कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं ते या कमी बोलणाऱ्या पोरीला आषाढापासून ठाऊक होतं.

आणि मग आषाढ आठवला. त्या दिवशी झड लागलेली होती. त्यांना पडसं झालेलं, नाक चोंदलेलं. घाईघाईनं पावसात नुसत्या हातानंच खुडली होती भाजी, आणि चिरूनच भामाकडे दिली होती. त्यांनीच. भामानं उकिरड्यावर नेऊन राखेखाली पुरला तो त्यांचा गुन्हा होता, आणि त्यांनी तिच्यावरच संशय घेऊन पोराला बायको टाकायला सांगितलं होतं. कौशल्याबाईंना स्वतःची इतकी लाज जन्मात कधी वाटली नव्हती.

"आत्याबाई, चक्कर आली का?" भामा जवळ आली होती. तिनं ओचा सोडवून भाजी सुपात घेतली, सासूला दंडाला धरून उठवलं. कौशल्याबाईंना बोलायचं होतं. पण ओसरीवरच्या बाया ऐकत होत्या, आणि इतकं मोठं बोलणं सुरू कुठून करायचं तेही सुचेना. भामा सूप घेऊन चुलीकडे गेली.

पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. म्हशीच्या तुपावर परतलेल्या भाजीचा वास ओसरीवर आला. एरवी या वेळी बायांची किलबिल चालायची. आज सगळ्या दबक्या आवाजात बोलत होत्या. सरस्वतीबाईनं आपलं काम चोख केलं होतं. भामानं पातेलं आणलं, पहिलं वाढप सासूच्या पानात केलं, मग बाकीच्यांच्या. सगळ्यांची पानं वाढून झाली आणि कोणी हललं नाही.

"कौशल्याबाई," सरस्वतीबाईनं घसा खाकरला. "तू म्हनत होती नं, यंदा सुनेले घेऊ द्या पह्यला घास? रांधली तं तिनंच हाय."

"हाव, हाव," रुखमाबाई म्हणाली. "घेऊ दे नं. त्यात काय हाय?"

पातेलं जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. भामाच्या बांगड्या वाजल्या. कौशल्याबाईंना कळलं की ती खाली बसते आहे. का म्हणून विचारत नाही, रडत नाही, खाणार आहे. आणि तिनं खाल्लं की काय होईल? तिला काही होणार नाही. पण गल्लीच्या तोंडी कायमचं राहील की या सुनेला सासूनं पंगतीत तपासून घेतलं होतं. मग इंद्रभान तिला बीबीला नेऊन घालील, आणि ती पुन्हा काही न बोलता निघून जाईल. गप्प राहिलं तर आपला मान राहतो. बोललं तर तो आत्ता, इथंच जातो.

"थांब भामे. हात नोको लावू."

"खुडली मी, पह्यला घास माहाच. रीत थेच हाय."

"अवं पन तूच तं—"

"म्हनलं होतं. खोटं म्हनलं होतं म्या." त्यांनी तोंड आवाजाच्या दिशेनं वळवलं. "मले दिसत नाई, सरस्वती. लय दिवस झाले. तू आता माह्यापुढं बसली हायेस का बाजूनं, थे बी मी आवाजावरून सांगतो. आषाढात इंद्रभानाच्या पानात धोत्रा गेला थो म्या खुडलेला होता. हिनं नाई घातला. हिले थवापासून मालूम होतं. तं हिनं कोनाले सांगतलं नाई, रोज सकायी उठून माह्या परसातला धोत्रा उपटून राह्यली. अन मी तिचं नाव तुमच्या साऱ्याईच्या घरात पोहोचवलं."

बोलून झाल्यावर त्यांनी पत्रावळीवर बोटं फिरवून भाजी शोधली आणि पहिला घास घेतला. चावला, गिळला. नेहमीसारखाच.

पण दुसऱ्या कोणाच्या पानाचा आवाज आला नाही. कौशल्याबाई कान देऊन बसल्या. वीस वर्षं हा घास गिळला की लगेच पत्रावळी खसखसत. आज अंबूबाईच्या बांगडीचा एक आवाज झाला आणि तोही थांबला. कोणी वाईट बोललं नाही. फक्त कोणी खाल्लं नाही. त्यांना वाटलं, उठून जावं. पण उठून जाणार कुठं? घर त्यांचंच होतं. त्यांनी दुसरा घास घेतला. तो उतरायला वेळ लागला.

भामा त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिनं सासूच्याच पत्रावळीतून भाजी उचलली आणि खाल्ली. मग बायांकडे बघत म्हणाली, "खा बिनघोर. परसात वाईट एकसुद्धा रोप ठेवलं नाही मी. आन सुपात घेतल्यावर पुन्हा एकदा बघितलंय."

तेव्हा कुठे पत्रावळी वाजू लागल्या. आधी एक, मग सगळ्याच. सरस्वतीबाई तर जरा जास्तच मोठ्यानं म्हणाली, "झ्याक झाली हो भाजी!" हात हलले ते सुनेच्या घासानंतर, हे कौशल्याबाईंनी ऐकलं. दुखलं. तरी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखंही झालं. येत्या रविवारी इंद्रभानाला काय सांगायचं ते त्यांनी जेवता जेवताच ठरवून टाकलं. शेजारी सून सावकाश जेवत होती, आणि मधेच तिनं न विचारता सासूच्या बोटांशी मिठाची वाटी सरकवली.

जेवणं झाली. बाया हात धुऊन निघाल्या. अंबूबाई जाता जाता थांबली, तिनं कनवटीला खोचून आणलेला एक पाला काढला.

"हे आमच्या गोठ्यामांगं लय उगवलं हाय. खाचं असते का नाई, थेवढं सांगा."

कौशल्याबाईंचा हात सवयीनं पुढे झाला. पाला त्या हातावर आला नाही. अंबूबाईनं तो भामापुढे धरला होता. कौशल्याबाईंनी हात मागे घेतला आणि लुगड्याची चुणी नीट केली.

भामानं पाला घेतला. तिनं तो पाहिला आणि सासूचा हात धरून त्यात ठेवला.

कौशल्याबाईंनी देठ बोटांत फिरवला. पानं चाचपली, समोरासमोरची जोडी, एक पान मोठं, एक लहान. कडा जराशी लाटेसारखी. वास घेतला. ओळखायला पापणी लवायचाही वेळ लागला नाही. नाव ओठांवर आलं होतं.

"सांग तिले," म्हणत त्यांनी पाला सुनेकडे परत दिला.

भामानं तो अंबूबाईपुढे धरला. "खापरखुटी," ती म्हणाली. "खायची असती मावशी. कोवळी कोवळीच खुडायची."

बरोबर होतं. कौशल्याबाई उष्ट्या पत्रावळी गोळा करू लागल्या.